जनावरं किती?

कडबाकुट्टीत हात सापडल्याची बातमी आमच्या दैनिकात अधूनमधून येत असे. कडबाकुट्टी म्हणजे गुरांसाठी वैरण बारीक करण्याचे यंत्र. ते विजेवर चालणारे असेल, तर वैरण आणि मनगट यांत फरक करत नाही. बातमीचा साचा ठरलेला होता. गाव, तालुका, शेतकऱ्याचे नाव, वय, उजवा हात की डावा, उपचार कुठे सुरू आहेत. सात ओळींत काम संपायचे. अशी बातमी मुद्रितशोधकांच्या टेबलावर गेली, की परत येताना तिच्या समासात लाल शाईने एक प्रश्न लिहिलेला असे : जनावरं किती?

अक्षर पहिलीतल्या मुलाचे वाटावे असे, पण ओळ सरळ. प्रश्न बातमीदाराला उद्देशून असायचा आणि त्याचे उत्तर कोणाकडेच नसायचे. आम्ही ते एक खूळ समजत होतो. बातमी तशीच छापली जायची. पुढची आली की प्रश्नही पुन्हा यायचा.

हे औरंगाबादेतले. शहराचे नाव तेव्हा तेच होते. पाने हाताने चिकटवण्याचे दिवस होते आणि ते काम करणारे सलीमभाई प्रश्नकर्त्यांच्या टेबलासमोरून जाताना हमखास थांबायचे.

"क्या भाऊ, कित्ते जानवरां हुए आज?"

ते मान वर न करता म्हणायचे, "एक तर समोरच उभंय."

सगळे त्यांना भाऊच म्हणत. मूळ गाव शेंद्रा, राहायला मुकुंदवाडीत दोन खोल्या. उजव्या हाताची मधली तीन बोटे मुळापासून नव्हती. अंगठा आणि करंगळी उरली होती. तो हात ते लपवत नसत. कागद उडू नये म्हणून टेबलावर पसरून ठेवत आणि डाव्या हाताने लाल पेन चालवत. डबाही डाव्या हातानेच खात. एकदा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या म्हाताऱ्याने त्यावरून तोंड वाकडे केले. भाऊंनी उजवा हात त्याच्या पत्रावळीवर धरला आणि म्हणाले, "हा रजेवर हाय, बाबा. बिनपगारी."

ते आमच्याकडे पोस्टकार्डांमुळे आले. एका वर्षी कार्यालयात आठवड्याला दोन-तीन पोस्टकार्डे येऊ लागली. मजकूर असा : पान तीन, स्तंभ दोन, ओळ अकरा. मग छापलेला चुकीचा शब्द, त्यापुढे बरोबर शब्द. खाली नाव आणि पत्ता. नमस्कार नाही, तक्रार नाही, सूचना नाही. पहिल्या कार्डांवरची अक्षरे एकमेकांवर पडत होती, एकेक शब्द ओळ सोडून खाली उतरत होता. मी तेव्हा बातमीदार होतो. त्यातले एक कार्ड मी टेबलावर मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणालो, "बालवाडीतून पत्र आलंय." सगळे हसले. हे मी म्हणालो होतो, याची नोंद इथे करायला हवी.

सहा महिन्यांत अक्षरे ओळीत आली. दाखवलेली एकही चूक खोटी निघाली नाही. संपादकांनी त्यांना बोलावून घेतले. त्या भेटीत काय बोलणे झाले, ते संपादकांनी नंतर चहा घेताना आम्हाला नकलेसह सांगितले.

"शिक्षण?"

"बारावी. मग आयटीआय."

"आधी काय करत होता?"

"कारखान्यात व्हतो. पत्र्याच्या कामाला."

"हाताला काय झालं?"

"तुमच्याच पेपरात आलंय, सायब."

संपादकांनी तो विषय तिथेच सोडला. पगार किती हवा, असे विचारले.

"जो असंल तो द्या. एक मागणं हाय. दुरुस्तीचा चौकोन माझ्याकडं ठेवा." दुसऱ्या पानावर तळाशी, आदल्या दिवशीच्या चुका कबूल करणारा एक लहान चौकोन आम्ही छापत असू. "त्याच्यात एक दुरुस्ती माझी असंल. कधी, ते मी सांगीन."

संपादक हसले, आम्ही हसलो. त्यांना आमच्याकडून एक दुरुस्ती छापून हवी आहे, हे त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होते. ती कसली, हे कोणी विचारले नाही. जुन्या अंकांची फाईल काढून पाहिली नाही. वृत्तपत्राच्या कचेरीतल्या लोकांना माणसांविषयी फार कुतूहल असते, असा एक समज आहे.

त्यांची कामाची पद्धत शुद्धलेखनापाशी थांबत नसे. अपघाताच्या बातमीतून ते दोन शब्द न चुकता खोडायचे. एक "दुर्दैवी" आणि दुसरा "अचानक". मी एकदा जाब विचारला.

"भाऊ, 'दुर्दैवी' शब्दात शुद्धलेखनाची काय चूक आहे?"

"शुद्धलेखनाची नाय. दुर्दैव तिथं कामाला व्हतं का?"

"आणि 'अचानक'? यंत्र अचानक सुरू झालं, असं पोलीस सांगतात."

"यंत्र अचानक चालू होत नाय, सायब. कोणीतरी चालू करतं. कोण, ते सापडलं तर लिहा. नाय सापडलं तर जागा मोकळी सोडा."

माझ्याकडे जिल्हा पुरवणी आल्यावर आमचा रोजचा संबंध सुरू झाला. पुरवणीची पाने दुपारी चारला छपाईला सुटत. एके दिवशी पैठण रस्त्यावरच्या चितेगावच्या बाजूची कडबाकुट्टीची बातमी होती. शेतकरी, वय चोवीस, डावा पंजा. समासात प्रश्न आला. मी वैतागून म्हणालो, "तुम्हीच जाऊन मोजून या."

दुसऱ्या दिवशी त्यांची रजा होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मोजून आलो."

"काय?"

"गाय नाय. म्हैस नाय. शेळी बी नाय. कडबाकुट्टी नाय. गोठ्याच्या जागी पोरगं मोटारसायकल लावतंय."

मला समजायला थोडा वेळ लागला. "मग हात कुठे गेला?"

"जवळच्याच एका कारखान्यात. तिसऱ्या पाळीला."

ते सांगत होते त्याचा अर्थ असा होता. कारखान्यात अपघात झाला तर चौकशी येते, तपासनीस येतो, नोंद होते. म्हणून जखमीला दवाखान्यात आणणारा कारखान्याचा माणूस केसपेपरवर सांगतो, शेतात झाले. कामगार आजूबाजूच्या गावांतले, प्रत्येकाचे थोडेफार शेत असतेच. त्यामुळे ते खरे वाटते. मग तसे लिहिलेल्या जबाबावर जखमीने सही केली, की घरातल्या एकाला त्याच्या जागी कायम कामावर घेतात.

"हे सगळ्यांना माहीत आहे?"

"ज्यांचे हात गेलेत त्यांना माहीत हाय."

मी म्हणालो, ही दुरुस्ती नाही, ही पहिल्या पानाची बातमी आहे. मी कागद पुढे ओढला. त्यांनी उजवा हात त्या कागदावर ठेवला.

"त्याच्या बायकोनं पाय धरले माझे. म्हणली, मामा, पेपरात कायबी देऊ नका. धाकट्याला सोमवारपासनं घ्यायचं म्हणलेत."

"मग तुम्ही गेलात कशाला?"

"तुम्ही म्हणला ना, मोजून या."

बातमी झाली नाही. मी तेव्हा समजत होतो, की भाऊंच्या प्रश्नाचा उलगडा मला झाला. तो अर्धाही झालेला नव्हता.

दुसरा प्रसंग सुरक्षा सप्ताहातला. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने पुरवणीसाठी मजकूर पाठवला होता. सोबत छायाचित्र. फाटकाजवळच्या फलकासमोर अधिकारी फुलांचे हार घालून उभे होते. फलकावर लिहिले होते, "आजवरचे अपघातविरहित दिवस", आणि खाली लोखंडी पट्ट्यांवर चार आकडी संख्या. बातमीतही तीच संख्या होती. साडेतीन वाजले तरी ते पान भाऊंकडून आले नाही. मी त्यांच्या टेबलाकडे गेलो. पान त्यांच्यासमोर होते, पेन बंद होते.

"भाऊ, पान?"

"आकडा चुकलाय."

"फोटोत बघा. फलकावर तोच आहे."

"फलकावरचाच चुकलाय."

सलीमभाई कात्री घेऊन दारात उभे होते. "अरे भाऊ, छोडो ना. आकडा उनका, फोटू उनका. अपने बाप का क्या जाता?"

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. मला म्हणाले, "त्याच्यातला एक दिवस माझाय."

मी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात, पोस्टकार्डाच्या भाषेत सांगितले. ते त्या कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. या यंत्रात पत्रा ठेवला, की वरून ठोकळा येऊन त्याला आकार देतो. यंत्राला दोन बटणे असतात, दोन टोकांना. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा येताना दोन्ही हात बाहेर असतात. पण तसे केले तर दिवसाचे ठरलेले नग निघत नाहीत. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर मारायची. ते दाबलेलेच राहते. मग एक हात बटणावर आणि दुसरा पत्रा सारायला मोकळा.

"पाचर कोणी मारली?" मी विचारले. इतकी वर्षे त्यांच्यासोबत काम केल्यावर तो प्रश्न आपोआप आला.

"मी. आंब्याच्या पेटीच्या फळ्या घरी नेऊन तासायचो. आमच्या पाळीत सगळ्यांना मीच करून देत व्हतो. सुपरवायझर बघायचा आन् पुढं जायचा."

त्यांच्या जागी धाकट्या भावाला पंधरा दिवसांत घेतले. काही महिन्यांनी हात भरून आल्यावर त्यांनाही बोलावले आणि हलके काम दिले. काम असे होते : रोज सकाळी फाटकाजवळ स्टुलावर चढायचे आणि फलकावरचा आकडा एकाने वाढवायचा.

मी त्यांना ते वाक्य पुन्हा सांगायला लावले.

"आकडा वाढवायचा, सायब. अपघात झाला नाय त्याचा. डाव्या हातानं पट्टी बदलायची. उजव्याच्या अंगठ्यानं दाबून धरायची."

"किती दिवस केलंत?"

"चार महिने. मग एका सकाळी स्टुलावर चढलो आन् हात वर जाईना. दुखत नव्हता काय नाय. जाईनाच. खाली उतरलो, सायकल घेतली, घरी आलो. त्या दिवशी दुपारी तुमचं पहिलं कार्ड लिहिलं."

सलीमभाईंनी कात्री खिशात घातली आणि ते निघून गेले. त्यानंतर त्यांनी जनावरांवरून एकदाही चेष्टा केली नाही.

मी म्हणालो, "हीच ना तुमची दुरुस्ती? आजच छापू."

"धाकटा भाऊ कामावर हाय तिथं."

"नोकरी त्याची आहे. हात तुमचा."

"हात देऊन घेतलीय ती नोकरी. आता मोडायची कशी?"

त्यांनी पेनाचे टोपण काढले. आकड्याखाली काही क्षण टोक धरले. मग पानाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली.

"चूक दिसत असून पहिल्यांदा सोडतोय," ते म्हणाले. "तुम्ही बघितलंय."

मी विचारले, "तेव्हा आपल्या दैनिकात बातमी कोणी दिली होती?"

"असंल कोणीतरी."

मी तेव्हाही फाईल काढली नाही. चारला पाने सुटायची होती.

त्यानंतर बरीच वर्षे गेली. चिकटवण्याचे काम संपले, सलीमभाई संगणकावर पाने लावू लागले. संपादक बदलले. भाऊ त्याच टेबलावर होते. दोन शब्द खोडत होते, एक प्रश्न लिहीत होते. मुलीचे लग्न झाले, तेव्हा पत्रिकेचे मुद्रितशोधन त्यांनी स्वतः केले आणि व्याह्यांनी आणलेल्या मजकुरातले "अचानक ठरलेल्या" हे शब्द काढले.

मग त्यांच्या भावाने ती नोकरी सोडली. शेंद्र्याला नवी औद्योगिक वसाहत झाली होती. तिथल्या एका कारखान्याने त्याला स्वतःच्या हुन्नरावर घेतले. ज्या दिवशी तो तिथे रुजू झाला, त्या दिवशी सकाळी अकरा वाजता भाऊंनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली.

"ती दुरुस्ती," ते म्हणाले.

चिठ्ठीवर अंकाची तारीख होती. पान चार, स्तंभ सहा. चूक : शेतात, कडबाकुट्टीत. बरोबर : कारखान्यात, पॉवर प्रेसवर. खाली एक ओळ होती. बटणातली पाचर जखमीने स्वतः मारली होती, तेही घ्यावे.

मी संग्रहाच्या खोलीत गेलो. त्या वर्षाची फाईल वरच्या फळीवर होती. पान चार, स्तंभ सहा. सात ओळी. मी त्या उभ्यानेच वाचल्या : "शेंद्रा येथील शेतकरी घरच्या दोन म्हशींसाठी वैरण तोडत असताना कडबाकुट्टी अचानक सुरू होऊन त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे तुटली. या दुर्दैवी घटनेमुळे गावात हळहळ व्यक्त होत आहे."

बातमीवर बातमीदाराचे नाव नव्हते. नावाची गरजही नव्हती. शेवटचे वाक्य त्या काळात मी प्रत्येक अपघाताला जोडत असे. आणि दोन म्हशी माझ्या होत्या.

दवाखान्यातल्या पोलीस चौकीची वही रोज पाहणे हे तेव्हा माझे काम होते. वहीत एवढेच असणार : नाव, गाव, कडबाकुट्टी, तीन बोटे. त्यावरून सात ओळी होत नाहीत. बातमीत जीव यावा म्हणून मी म्हशी घातल्या. एक लिहिली असती तर कुटुंब फार गरीब वाटले असते, चार फार झाल्या असत्या. दोन लिहिल्या. त्या लिहिताना मी क्षणभरही थांबलो नसेन.

समासातला तो प्रश्न इतकी वर्षे कोणाला विचारला जात होता, हे मला त्या खोलीत कळले. फाईल परत फळीवर ठेवून मी खाली आलो.

भाऊ माझ्या टेबलाशी उभेच होते.

"ते मी लिहिलं होतं," मी म्हणालो.

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"छापून यायच्या आधीपासनं. तुम्ही चौकीच्या टेबलापाशी उभे व्हता. वॉर्डाचं दार उघडं व्हतं. खिशाला दोन पेनं, हातात वही. शेजारचा पेशंट म्हणला, हा पेपरवाला हाय, रोज येतो. मी हात वर केला."

मला ते आठवले. इतक्या वर्षांनी आठवले आणि अगदी स्वच्छ आठवले. दारातून दिसणारी एक खाट, आणि बँडेजच्या मोठ्या गोळ्याचा, उभा धरलेला हात.

"मला वाटलं, रक्त थांबावं म्हणून डॉक्टरांनी वर धरायला सांगितलाय."

"त्यांनी बी सांगितलंच व्हतं," भाऊ म्हणाले. "पण मी तुम्हाला बोलवत व्हतो. तुम्ही बघितलं, घड्याळ बघितलं आन् गेलात. कारखान्याचा माणूस सहीचा कागद घेऊन संध्याकाळी आला. दुपारी मी सही केलेली नव्हती."

मी विचारले, "मग इतकी वर्षं माझ्यासमोर बसून काम केलंत ते कसं?"

"काम चांगलं व्हतं," ते म्हणाले. "आवडलं मला."

आमचा नियम असा, की दुरुस्ती आठ दिवसांच्या आत छापायची. जुन्या चुका जुन्या होतात. मी तो नियम बाजूला ठेवून मजकूर स्वतः लिहिला. तारीख, पान, स्तंभ. अपघात शेतात नव्हे, कारखान्यात झाला होता. यंत्र कडबाकुट्टी नव्हते, पॉवर प्रेस होते. पाचर जखमीने मारली होती आणि ती रोज मारली जाते हे पर्यवेक्षकाला ठाऊक होते. त्या दिवसानंतरही फलकावरचा आकडा शून्यावर आला नाही. मी तो मजकूर, कार्यालयाच्या रीतीप्रमाणे, मुद्रितशोधकांकडे पाठवला.

अर्ध्या तासाने कागद परत आला. एकही शब्द खोडलेला नव्हता. समासात लाल शाईने लिहिले होते : जनावरं किती?

मी त्याखाली लिहिले : "एकही नव्हते. दोन म्हशी बातमीदाराने चुकून लिहिल्या होत्या. हे वाक्य शेवटी जोडावे."

या वेळी कागद मी स्वतः त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो उजव्या हाताखाली दाबून धरला आणि वाचला. मग पेनाचे टोपण काढून "चुकून" हा शब्द खोडला, कोपऱ्यात बरोबरची खूण केली आणि पान सोडले.